अठ्ठावीस आरे

खोदेलीव्ह आधी वजन विचारते,
नाव नंतर.
मी म्हणालो, अठ्ठ्याऐंशी.
तिनं माझ्या जुन्या सीटकडे पाहिलं,
मधोमध पडलेल्या खळग्याकडे,
आणि वहीत लिहिलं: चौऱ्याण्णव.

मी बेकरीवाला. रात्री दोनला उठतो,
सकाळी दहाला हातांचं पीठ धुऊन
डेंडर नदीच्या काठानं सुटतो,
गावामागची दगडी चढण चढतो, उतरतो.
गेल्या नोव्हेंबरात उतरताना
ओल्या पानांवर ब्रेक दाबला
आणि कारखान्यातून आलेलं पुढचं चाक
कण्हलं.
मोडलं नाही. कण्हलं.
तेवढं पुरे होतं.

खरं सांगायचं तर मला कार्बन हवं होतं.
काळं, खोल, रविवारी पुढे निघून जाणाऱ्या पोरांचं असतं तसं,
वाऱ्यात गुणगुणणारं.
आरे चोवीस. वीस असले तरी चालतील.
तिनं मध्ये तोडलं नाही.
कॉफी नाही, बसायला खुर्ची नाही;
खिळ्याला टांगलेल्या रिमा
एकमेकींना लागून हलकेच वाजत होत्या.

मग म्हणाली,
पूर्वी ब्रेक रिमेला धरायचा,
पळत्या पोराचं मनगट धरावं तसा.
चाकाच्या पोटात काय चाललंय
याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.
तेव्हा पुढचे आरे सरळसोट लावले तरी चालायचे,
मुलं सूर्य काढतात तसे.
आता डिस्क बसते हबला चिकटून.
थांबायला सुरुवात होते मधून,
आणि ते थांबणं रस्त्यापर्यंत
पोचवायचं असतं आऱ्यांनी.
तुझे चौऱ्याण्णव, वर सायकल, वर उतार.
म्हणून पुढेसुद्धा मी आरे एकमेकांवरून नेते,
प्रत्येकाला तीन भेटतात वाटेत.
एकट्या आऱ्याच्या जिवावर काही सोडत नाही.

ठरलं ते असं:
अ‍ॅल्युमिनियमची रिम, बत्तीसचा टायर बसेल इतकी रुंद.
हब असा की ज्याचं बेअरिंग
चौकातल्या दुकानात मिळेल.
आरे अठ्ठावीस, पुढे आणि मागे.
निपल पितळेचे, कारण हिवाळ्यात
नगरपालिका रस्त्यावर मीठ टाकते
आणि हलक्या निपलांना ते खातं.
किती ग्रॅम वाढले, मी विचारलं.
एका क्रोसाँइतके, म्हणाली,
तू उभ्या उभ्या खातोस त्या.

तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
पुढच्या चाकात डिस्ककडचे, डावे आरे जास्त ताणलेले,
मागच्यात उजवे.
म्हणून पुढच्याचं काम निघालं की
ती स्टूल उचलून स्टँडच्या पलीकडे जाते,
आरा नखानं छेडते,
मान तिरकी करते.
मीटर आहे तिच्याकडे. चांगला, महागाचा.
तो ती माझ्यासारख्यांना दाखवते.

आऊट काढता काढता तास गेला.
केसाइतकी डुगडुग उरली होती,
मला दिसत नव्हती, तिला टोचत होती.
पाव भट्टीतून निघाला की
मी त्याच्या बुडाला टिचकी मारतो;
पोकळ वाजला तर झाला,
नाहीतर परत आत.
हे मी तिला सांगणार होतो.
सांगितलं नाही. ती ऐकत होती.

पहिल्या फेरीत आरे टिंग टिंग करतील,
घाबरू नकोस, म्हणाली,
पीळ सुटतो त्यांचा.
तसंच झालं. नदीकाठी चार टिंग,
पुलावर एक.
मग चढण, मग उतार,
चर्चच्या वळणावर तीच पानं, तोच चिखल.
ब्रेक दाबला.
सायकल हळू झाली, उभी राहिली.
एक म्हातारी कुत्रं घेऊन रस्ता ओलांडून गेली,
तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

महिन्यानं पुन्हा ताण तपासायला गेलो.
या वेळी आपणहून सांगितलं: पंच्याण्णव.
तिनं वही माझ्याकडे फिरवली.
चौऱ्याण्णव खोडलेलं होतं, त्याच दिवशी, त्याच पेनानं.
वर लिहिलं होतं शंभर,
आणि शेजारी, बारीक अक्षरात:
बेकरी आहे.